आपत्कालीन सेवांमधली भरती आणि माणसे टिकवणे: सरकारी प्रोत्साहनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आग लागली, इमारत कोसळली, गाडीखाली माणूस अडकला की धावून येणाऱ्यांना सेवेत आणायचे कसे आणि आल्यावर टिकवायचे कसे, या प्रश्नाने अनेक देशांची सरकारे बेजार आहेत. भरतीची तयारी करणारी मुले, सेवेतले कर्मचारी, त्यांच्या घरची माणसे आणि अंदाजपत्रक मांडणारे लोकप्रतिनिधी जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. नियम देशागणिक वेगळे असतात, म्हणून प्रत्येक उदाहरणापाशी ते कुठले आहे हे लिहिले आहे.

प्रथम प्रतिसादकांमध्ये नेमके कोण येतात?

अग्निशमन दलाचे जवान, पोलीस, रुग्णवाहिकेवरचे वैद्यकीय कर्मचारी, शोध व बचाव पथके आणि संकटाचा फोन उचलणारे नियंत्रण कक्षातले कर्मचारी. यांत पगारी असतात तसे स्वयंसेवकही असतात. जर्मनीत स्वयंसेवी अग्निशामकांची संख्या १० लाखांच्या आसपास आहे, फ्रान्समध्ये सुमारे २ लाख. या देशांत, तसेच जपान आणि ऑस्ट्रेलियात, आगीशी लढणाऱ्यांत स्वयंसेवकच बहुसंख्य आहेत. त्यामुळे प्रोत्साहन म्हणजे पगारवाढ एवढाच अर्थ धरला तर निम्म्याहून अधिक माणसे हिशेबाबाहेर राहतात.

सरकारी नोकरी आहे, पगार आहे, पेन्शन आहे. तरी माणसे का मिळत नाहीत?

मिळतात, पण थांबत नाहीत. समजा एखाद्या दलात मंजूर पदे १०० आहेत आणि हजेरीपटावर माणसे ७०. उरलेल्या ३० जणांचे काम त्या ७० जणांवरच येते. रजा नामंजूर होते, ड्युटी संपली तरी बदली माणूस आलेला नसतो, सुट्टीच्या दिवशी फोन येतो. वर्षभर असे चालले की सोडून जातो तो बहुधा पाच-सात वर्षे अनुभव असलेला, कारण त्यालाच बाहेर दुसरी नोकरी मिळते. त्याच्या जागी आलेल्या नव्या मुलाला शिकवायला अनुभवी हात उरत नाहीत. रिक्त पदे अशी आणखी रिक्त पदे जन्माला घालतात.

स्वयंसेवी दलांचे दुखणे वेगळे आहे. पूर्वी शेत, दुकान, कारखाना आणि घर एकाच गावात असे. आता माणूस दिवसभर दूरच्या शहरात कामाला असतो आणि गावात भोंगा वाजला तर धावायला कुणी नसते. १९५० च्या दशकात जपानच्या स्वयंसेवी अग्निशमन दलांत सुमारे २० लाख सदस्य होते. २०२२ मध्ये ती संख्या ८ लाखांखाली गेली.

रुजू होताना एकरकमी बोनस दिला तर काम होते का?

अर्ज वाढतात. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने २०२२ मध्ये नव्या पोलिसांसाठी ५,००० डॉलरचा बोनस सुरू केला. इतर राज्ये आणि शहरेही अशा रकमा देतात. पण माझे स्पष्ट मत आहे की सगळ्या प्रोत्साहनांत हे सर्वांत जास्त दिसणारे आणि सर्वांत कमी टिकणारे आहे. पैसे हातात पडले की त्याचा जोर संपतो. शिवाय शेजारच्या शहराने थोडी जास्त रक्कम जाहीर केली की तयार झालेला माणूस तिकडे जातो. एका गावाची भरती म्हणजे दुसऱ्या गावाची गळती, एकूण संख्या तेवढीच. ज्या लहान गावाने त्याच्या प्रशिक्षणावर खर्च केला त्याचे नुकसान सर्वांत मोठे.

आणखी एक गोष्ट अधिकाऱ्यांच्या लक्षात उशिरा येते. बारा वर्षे रात्रपाळी केलेल्या जवानासमोर काल आलेल्या मुलाला धनादेश दिला आणि त्याला काहीच नाही, तर तो जवान मनातून खचतो. बोनस द्यायचाच असेल तर तो हप्त्यांनी द्यावा: थोडा प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर, थोडा दुसऱ्या वर्षाअखेर, मोठा भाग पाचव्या वर्षी. आणि जुन्यांसाठी सेवावर्षांप्रमाणे वाढणारा भत्ता त्याच आदेशात असावा.

केंद्राच्या अनुदानातून पदे भरली. अनुदान संपल्यावर त्या माणसांचे काय?

या विषयातला हा सर्वांत टाळला जाणारा प्रश्न आहे. अमेरिकेचे उदाहरण घ्या. १९९४ च्या गुन्हेगारीविरोधी कायद्याने तिथे स्थानिक पोलीस भरतीला केंद्रीय मदत सुरू झाली. त्या योजनेत सुरुवातीच्या श्रेणीतल्या पोलिसाच्या पगार-भत्त्यांपैकी ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम तीन वर्षे केंद्राकडून येते, प्रत्येक पदामागे कमाल १,२५,००० डॉलर. अट अशी की अनुदान संपल्यानंतरही किमान १२ महिने ते पद स्थानिक पैशातून चालू ठेवायचे. अग्निशमन दलांसाठी ‘सेफर’ नावाचे वेगळे अनुदान आहे. त्यात नेहमीच्या नियमाने पहिली दोन वर्षे ७५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी ३५ टक्के वाटा केंद्राचा असतो.

हा उतरता क्रम शहाणपणाचा आहे, कारण स्थानिक संस्थेला भार हळूहळू अंगावर घ्यावा लागतो. तरीही चौथ्या वर्षाची तरतूद न करता पदे भरली तर त्याच जवानांना घरी पाठवण्याची वेळ येते. अनुदानाचा ठराव सभेपुढे येईल तेव्हा सदस्यांनी एकच कागद मागावा: चौथ्या वर्षाचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून जाणार? तो कागद नसेल तर भरतीचा आकडा लहान ठेवावा.

स्वयंसेवकांना पैसे दिले तर सेवाभाव कमी होत नाही का?

अनेक स्वयंसेवकांना पैसे नकोच असतात. पण पदरचे पेट्रोल, बुडालेली मजुरी, फाटलेले बूट हा खर्च त्यांनी का सोसावा? भरपाई दिल्याने सेवाभाव घटत नाही. उलट ज्याच्या घरी महिनाअखेर ओढाताण आहे, त्यालाही सेवा करता येते.

ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या भीषण वणव्यांच्या वेळी केंद्र सरकारने स्वयंसेवकांना बुडालेल्या कमाईपोटी दिवसाला ३०० डॉलर, कमाल ६,००० डॉलर देण्याची योजना आणली. सुरुवात न्यू साउथ वेल्सपासून झाली आणि अट होती हंगामात दहाहून अधिक दिवस सेवेची. आठवडेच्या आठवडे आगीसमोर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला आणि छोट्या दुकानदाराला ही मदत आवश्यकच होती.

जपानने २०२२ पासून केलेला बदल मला फार मोलाचा वाटतो. तिथे सामान्य सदस्यासाठी वर्षाला ३६,५०० येन आणि आपत्तीच्या दिवशी ८,००० येन असे प्रमाण ठरवून दिले गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही रक्कम दलाच्या सामाईक खात्यात न टाकता थेट त्या माणसाला द्यावी, असे सांगण्यात आले. पाच वर्षे किंवा अधिक सेवा केलेल्याला दल सोडताना वेगळी कृतज्ञता-रक्कमही मिळते.

करसवलत चांगली की रोख रक्कम?

ज्याला कर भरावा लागतो त्याला करसवलत चालते. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याला तिचा उपयोग शून्य. कॅनडात वर्षाला किमान २०० तास पात्र सेवा करणाऱ्या स्वयंसेवी अग्निशामकाला आणि शोध-बचाव स्वयंसेवकाला केंद्रीय प्राप्तिकरात सवलत मिळते. २०२४ पासून तिची आधारभूत रक्कम ३,००० वरून ६,००० डॉलर झाली. वाचताना वाटते सहा हजार मिळाले. तसे नाही. त्या रकमेवर सर्वांत खालच्या दराने, म्हणजे २०२४ च्या १५ टक्क्यांनी, कर कमी होतो, म्हणजे प्रत्यक्ष फायदा ९०० डॉलर. देय कर त्याहून कमी असेल तर उरलेली रक्कम परत मिळत नाही. विद्यार्थी आणि कमी पगाराचे तरुण, ज्यांची दलाला सर्वाधिक गरज, तेच यात मागे पडतात.

अमेरिकेत उलट्या बाजूची अडचण होती: राज्याने किंवा गावाने स्वयंसेवकाला दिलेल्या छोट्या सवलतीवरही केंद्र कर लावत असे. आता मालमत्ता करातली सूट आणि सेवेच्या प्रत्येक महिन्यामागे ५० डॉलरपर्यंतचा मोबदला केंद्रीय करातून वगळला आहे. रक्कम लहान आहे, पण दिलेले परत काढून घेऊ नये एवढी नीती तरी त्यात आहे.

नोकरी करणारा स्वयंसेवक मधेच निघून गेला तर मालकाने काय करायचे?

हे जवळून पाहा. कारखान्यात लेथवर काम चालू आहे, कामगाराच्या कमरेचा पेजर वाजतो. तो मशीन बंद करतो, हात पुसतो, फोरमनला खूण करून निघतो. नग अर्धवट राहतो, पुढच्या मशीनवरचा माणूस थांबतो, ट्रक उशिरा भरला जातो. तीन तासांनी तो धुराचा वास घेऊन परत येतो. या तीन तासांची मजुरी कुणी द्यायची? त्याने सोसली तर तो दल सोडेल. मालकाने सोसली तर पुढच्या वेळी मालक स्वयंसेवकाला कामावरच घेणार नाही.

जर्मनीने याचे उत्तर स्वच्छ दिले आहे. कामगाराचा पगार चालू राहतो आणि खासगी मालकाला त्या वेळेचा पगार सार्वजनिक निधीतून परत मागता येतो. ऑस्ट्रेलियात २००९ च्या श्रम कायद्याने आपत्ती सेवेसाठी रजेचा हक्क दिला, पण ती रजा बिनपगारी आहे. दोन्हींत फरक मोठा आहे. नोकरी वाचणे आणि मजुरी वाचणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घर मजुरीवर चालते.

घर, शैक्षणिक कर्ज, शिक्षण यांतली मदत कितपत उपयोगी?

माणसाला त्या जागेशी बांधून ठेवणारी मदत म्हणून घर मला सर्वांत वर ठेवावेसे वाटते. जवान ठाण्याजवळ राहिला तर प्रवासाचे तास वाचतात, मुले तिथल्या शाळेत जातात, कुटुंब रुजते. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याची एक योजना पोलीस, अग्निशामक, रुग्णवाहिका कर्मचारी आणि शिक्षकांना ठरावीक भागांतली सरकारी ताब्यातली घरे निम्म्या किमतीत देते. मुख्य अट: तिथे ३६ महिने स्वतः राहायचे. घरे मात्र मोजकी असतात.

कर्जमाफीच्या बाबतीत सावध राहा. २००७ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की सार्वजनिक सेवेत पूर्णवेळ राहून १२० पात्र हप्ते भरले तर उरलेले शैक्षणिक कर्ज माफ. दहा वर्षांनी पहिले अर्ज आले तेव्हा सुमारे ९९ टक्के नाकारले गेले. कुणाचे कर्ज चुकीच्या प्रकारचे, कुणाची परतफेडीची पद्धत न बसणारी, कुणाचे कागद अपुरे. पुढे नियम सैल करावे लागले आणि अनेकांची कर्जे माफ झाली. पण दहा वर्षे विश्वासाने हप्ते भरलेल्या माणसाला आलेले ते नकाराचे पत्र कुठल्याही जाहिरातीने पुसले जात नाही.

कामाचे तास कमी करणे हेही प्रोत्साहनच का?

माझ्या मते पहिले तेच. अमेरिकेच्या श्रम कायद्यात इतरांना आठवड्याला ४० तासांनंतर ओव्हरटाइम लागू होतो. अग्निशमन दलासाठी मात्र २८ दिवसांत २१२ तासांपर्यंत मुभा आहे, म्हणजे आठवड्याला सरासरी ५३ तास. युरोपीय संघात सरासरी ४८ तासांची मर्यादा आहे. तिथे बेल्जियममधल्या निव्हेल्स शहराच्या एका स्वयंसेवी अग्निशामकाचा खटला संघाच्या न्यायालयात गेला. घरी असतानाही बोलावल्यावर आठ मिनिटांत ठाण्यावर पोचण्याची त्याच्यावर सक्ती होती. २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितले की इतक्या बांधलेल्या अवस्थेत घरी घालवलेला वेळ हा कामाचाच वेळ. ज्याने आठ मिनिटांच्या अंतरात आयुष्य काढले आहे त्यालाच या निकालाचे वजन कळते.

तासांइतकेच महत्त्वाचे आहे साहित्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामातला घातक पदार्थांशी येणारा संपर्क माणसात निश्चित कर्करोग घडवणाऱ्या गटात टाकला. आगीवरून परतलेल्या संरक्षक पोशाखावर काजळी आणि रसायने असतात, तो धुवावा लागतो आणि वाळायला वेळ लागतो. जवानाकडे एकच पोशाख असेल तर पुढच्या वर्दीला, म्हणजे आगीच्या खबरीला, तो तसाच मळलेला अंगावर चढवून निघतो. दुसरा पोशाख देणे हे कुठल्याही बोनसइतकेच खरे प्रोत्साहन आहे. भारतात केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. अशा पैशातून गाड्यांबरोबर माणसांच्या अंगावरचे साहित्यही आले पाहिजे.

कामावर मृत्यू आला किंवा अपंगत्व आले तर कुटुंबाला काय मिळते?

भरतीच्या मेळाव्यात मुले पगार विचारतात. त्यांचे आईवडील हा प्रश्न विचारतात.

अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलीस-अग्निशामकांच्या वारसांना ५०,००० डॉलरची केंद्रीय मदत सुरू झाली. वाढत वाढत ती आता ४ लाख डॉलरच्या पुढे गेली आहे. पण रकमेपेक्षा त्या कायद्याची व्याप्ती कशी वाढत गेली ते पाहण्यासारखे आहे. १९९० मध्ये कायमचे अपंगत्व त्यात आले. २००३ मध्ये कर्तव्यावर किंवा त्यानंतर २४ तासांत आलेला हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात आला, कारण तिथे कर्तव्यावर मरणाऱ्या अग्निशामकांत हृदय बंद पडून जाणारेच सर्वांत जास्त असतात. २०२२ मध्ये कर्तव्यावरच्या आघातातून आलेला मानसिक आजार आणि आत्महत्याही मान्य झाल्या. प्रत्येक टप्प्यामागे नाकारलेले दावे आणि भांडलेली कुटुंबे आहेत. दाव्यांचा निकाल लवकर लागावा म्हणून २०१७ मध्ये वेगळी दुरुस्ती करावी लागली, यावरूनच वाट पाहणाऱ्यांचे हाल समजतात.

आजाराच्या बाबतीत खरा पेच पुराव्याचा असतो. वीस वर्षांपूर्वीच्या कोणत्या आगीतून आजचा कर्करोग आला हे जवानाने सिद्ध कसे करायचे? कॅनडात मॅनिटोबा प्रांताने २००२ मध्ये हा भार उलटवला. ठरावीक कर्करोग आणि ठरावीक सेवावर्षे असतील तर आजार कामामुळेच झाला असे धरायचे, नसेल तर ते प्रशासनाने दाखवावे. पुढे इतर प्रांतही त्याच वाटेने गेले. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी जुळे मनोरे कोसळले तेव्हा अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. त्या ढिगाऱ्याच्या धुळीतून झालेल्या आजारांनी नंतर गेलेल्यांची संख्या आता त्याहून जास्त आहे. त्यांच्या उपचारांसाठीच्या आरोग्य योजनेला २०१५ मध्ये थेट २०९० पर्यंत मुदतवाढ मिळाली. तिथल्या सर्वांत तरुण माणसाच्या आयुष्याचा हिशेब धरून केलेली ही तरतूद आहे.

मानसिक आघातासाठी वेगळी तरतूद लागते का?

लागते, आणि ती मागायला माणसाला लाज वाटू नये अशी लागते. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताने २०१६ मध्ये आघातोत्तर तणावाचा विकार कामातूनच आला असे धरण्याचा कायदा केला. समुपदेशनाची नोंद बढतीच्या फायलीत जाते अशी नुसती शंका असली तरी कुणी पाऊल टाकत नाही. म्हणून समुपदेशक दलाबाहेरचा आणि नोंद गोपनीय, या दोन अटी आदेशात लिहिलेल्या हव्यात.

नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्यांना हे लाभ मिळतात का?

बऱ्याच ठिकाणी नाही. अमेरिकेच्या २०१८ च्या व्यवसाय वर्गवारीत आपत्कालीन फोन घेणारे ‘कार्यालयीन व प्रशासकीय सहाय्य’ या गटात आहेत. फोनवरून एखाद्या आईला बाळाच्या छातीवर दाब कसा द्यायचा हे सांगणारी, तिच्याबरोबर मोठ्याने आकडे मोजणारी आणि रुग्णवाहिका पोचल्यावर लगेच पुढचा फोन उचलणारी मुलगी कागदोपत्री कारकून ठरते. ऑन्टारियोच्या कायद्यात या कर्मचाऱ्यांचा समावेश आहे. इतरांनीही तो करावा.

निवृत्तीला आलेल्या अनुभवी माणसाला थांबवता येते का?

येते. काही अमेरिकी शहरांत निवृत्तीची पात्रता आल्यावरही काम चालू ठेवले तर पेन्शन वेगळ्या खात्यात साठत जाते आणि शेवटी एकत्र मिळते. कल्पना चांगली, पण लॉस एंजेलिसमध्ये योजनेतले काहीजण दीर्घकाळ वैद्यकीय रजेवर राहिले, टीका झाली आणि नियम आवळावे लागले. प्रत्यक्ष हजेरीची अट सुरुवातीपासून हवी.

पेन्शनचा शब्द पाळणे हेही टिकवण्याचेच साधन आहे. अमेरिकेत सरकारी पेन्शन असलेल्या अनेक पोलीस-अग्निशामकांची सामाजिक सुरक्षा या केंद्रीय निवृत्ती योजनेतली रक्कम दोन जुन्या तरतुदींमुळे कापली जात असे. जानेवारी २०२५ मध्ये कायदा होऊन ती कपात रद्द झाली.

प्रशिक्षणाचा खर्च वसूल करणारे बंधपत्र घ्यावे का?

दोन-तीन वर्षांचे, दरवर्षी रक्कम घटत जाणारे बंधपत्र रास्त आहे. त्यापेक्षा कडक केले तर गरीब घरची मुले अर्जच करत नाहीत. दुखापत किंवा आजाराने नोकरी सुटली तर वसुली होणार नाही, हे वाक्य त्यात आहे का ते सही करण्यापूर्वी पाहा.

योजना चालते आहे हे कसे ओळखायचे?

किती जण रुजू झाले हा आकडा बाजूला ठेवा. पाच वर्षांनी त्यातले किती उरले, सोडून जाणाऱ्यांनी कोणते कारण दिले, ओव्हरटाइमचे तास घटले का, नामंजूर रजा कमी झाल्या का, ते विचारा. ही माहिती हजेरीपटात आणि पगारपत्रकात आधीच असते.

मी पात्र आहे. अर्ज करण्याआधी काय जपून ठेवू?

नियुक्तीचे पत्र, सेवेच्या तासांची सही-शिक्क्याची नोंद, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, प्रत्येक वर्दीची तारीख. धुरात किंवा रसायनात काम केले असेल तर त्या घटनेचा नोंदवही क्रमांक त्याच आठवड्यात स्वतःकडे लिहून ठेवा. आजार पंधरा वर्षांनी येतो आणि तोवर ठाण्यातली वही सापडेलच असे नाही. रुजू होतानाची वैद्यकीय तपासणी हरवू देऊ नका, कारण तेव्हा तुम्ही निरोगी होता हे पुढे तीच सांगते. वारसाचे नाव लग्नानंतर आणि मुलांच्या जन्मानंतर बदलून घ्या. आणि ही सगळी फाईल कुठे ठेवली आहे ते घरात किमान एका माणसाला दाखवा.